नमुन्यापासून वाक्यापर्यंत: भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नव्या प्रमुखांसाठी

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रमुखपदी नेमणूक झाल्याचा आदेश हाती पडतो, तेव्हा बहुतेकांची वीस-पंचवीस वर्षे हातोडी, होकायंत्र आणि टोपोशीट (भूभागाची उंची-सखलता दाखवणारा नकाशा) यांच्या संगतीत गेलेली असतात; कार्यालयाची धुरा कशी वाहायची हे मात्र कोणी शिकवलेले नसते. डोंगरातून उचललेला एक नमुना प्रयोगशाळा, नकाशा आणि अहवाल असा प्रवास करत अखेर सरकारच्या तोंडी एका वाक्याच्या रूपाने येतो, आणि त्या वाक्याच्या भरवशावर कुठे खाणीचा लिलाव पुकारला जातो, कुठे धरणाचा पाया ठरतो, तर कुठे दरडीखालचे गाव हलवले जाते. या वाटेत सत्य कुठे गळणार नाही आणि कुठे फुगणारही नाही, ही जबाबदारी प्रमुखाची असते.

मी बडोद्याचा. छोटा उदेपूर आणि पंचमहालच्या डोंगरांत नकाशे करण्यात उमेदीची वर्षे गेल्यावर राज्य पातळीवरच्या एका भूविज्ञान कार्यालयाचा कारभार काही काळ माझ्याकडे होता. पुढच्या पायऱ्या मी प्रत्यक्षात ज्या क्रमाने घेतल्या त्या क्रमाने दिलेल्या नाहीत. ज्या क्रमाने घ्यायला हव्या होत्या असे आज वाटते, त्या क्रमाने दिल्या आहेत.

पहिला आठवडा: आधी कोअर शेड

पदभार स्वीकारल्यावर पुष्पगुच्छ येतात, विभागवार सादरीकरणे होतात आणि प्रत्येक तक्त्यात काम वेळेवर चालल्याचे दिसते. हे सारे तिसऱ्या दिवसापासून ऐकावे. पहिले दोन दिवस कोअर शेडमध्ये, म्हणजे बोअरहोलमधून काढलेले खडकाचे दंडगोल जिथे ठेवतात त्या जागी घालवावेत, कारण खात्याची खरी प्रकृती तिथे कळते.

एक बोअरहोल निवडावे आणि त्याचे सगळे बॉक्स क्रमाने जमिनीवर मांडायला सांगावेत. एनक्यू मापाच्या ड्रिलिंगमध्ये कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. बॉक्सच्या खाचांत हे तुकडे डावीकडून उजवीकडे लावलेले असतात आणि प्रत्येक रन, म्हणजे ड्रिलिंगचा एक टप्पा, संपल्यावर खोली लिहिलेला ठोकळा ठेवलेला असतो. कोअरवर थोडे पाणी शिंपडले की कोरडेपणी करडा दिसणारा खडक एकदम बोलका होतो: शिरा, भेगा, खनिजांचे दाणे दिसू लागतात. आता हातात लॉगशीट, म्हणजे खोलीनुसार खडकाची नोंद असलेला तक्ता, घेऊन तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. ठोकळ्यांवरची खोली लॉगमधल्या खोलीशी जुळते का, कोअर रिकव्हरीची (ड्रिल केलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती आला याची) नोंदलेली टक्केवारी समोरच्या तुकड्यांच्या लांबीशी जुळते का, आणि ज्या भागातून पृथक्करणासाठी नमुना गेला तिथे अर्धा कापलेला कोअर अजून शिल्लक आहे का.

मी पदभार घेतला त्या कार्यालयात ही तपासणी मी आठ महिने उशिरा केली. शेडचे पत्रे गळत होते, लाकडी बॉक्सना वाळवी लागली होती आणि शाईने लिहिलेले क्रमांक दोन पावसाळ्यांत धुऊन गेले होते. एका बोअरहोलचे मधले चार बॉक्स सापडलेच नाहीत, आणि नेमका तोच पट्टा अहवालात महत्त्वाचा म्हणून दाखवला होता. त्या पट्ट्यासाठी पुन्हा ड्रिलिंग करण्याची वेळ आली. तेव्हापासून बॉक्सवर ठसे उमटवलेली ॲल्युमिनियमची पट्टी, प्रत्येक बॉक्सचे ओल्या व कोरड्या स्थितीतले छायाचित्र आणि शेडमधून बॉक्स बाहेर नेणाऱ्याची सही असलेली नोंदवही, हे तीन नियम मी कधी सैल होऊ दिले नाहीत. ही नोंदवही नव्या प्रमुखाने दर महिन्याला स्वतः पाहावी. ते काम खालच्या अधिकाऱ्यावर सोपवू नये.

जुन्या कोअरची इतकी काळजी का, याचे उत्तर बडोद्याहून नर्मदेच्या दिशेने निघाल्यास आंबाडुंगर येथे मिळते. तिथल्या वलयाकार टेकडीतला कार्बोनेटाइट हा कार्बोनेट खनिजांनी बनलेला दुर्मिळ अग्निजन्य खडक १९६० च्या दशकाच्या आरंभी ओळखला गेला आणि त्या काळात लक्ष होते ते फ्लोरस्पार या खनिजाकडे. आज त्याच टेकडीकडे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांसाठी पाहिले जाते. खडक तोच आहे, प्रश्न बदलला आहे. एका प्रश्नासाठी काढलेला कोअर नीट जपला असेल, तर पुढची पिढी तोच कोअर पुन्हा कापून आपला प्रश्न विचारू शकते. नसेल, तर तिला पहिल्यापासून भोके पाडावी लागतात.

शेडनंतर कपाटे उघडावीत. फील्ड डायऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी केलेले खडकांचे पातळ काप, जुनी टोपोशीट आणि वर्षानुवर्षे सादर न झालेले अहवाल यांची यादी महिनाभरात तयार व्हायला हवी. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू झाले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर नकाशे आधीपासून उपलब्ध आहेत. त्यामुळे आता एका कार्यालयातली चुकीची अक्षांश-रेखांशाची नोंद त्या कार्यालयात पडून राहत नाही, ती देशभरच्या संशोधकांच्या हाती जाते.

पहिला महिना: आपले घर कोणते ते ओळखणे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ मध्ये झाली, ती प्रामुख्याने कोळशाच्या शोधासाठी; थॉमस ओल्डहॅम हे त्याचे पहिले प्रमुख. मुख्यालय कोलकात्यात आहे, खाण मंत्रालयाच्या अखत्यारीत काम चालते, आणि लखनौ, जयपूर, नागपूर, हैदराबाद, शिलाँग व कोलकाता अशी सहा प्रादेशिक केंद्रे आहेत. राज्यांची खाती वेगळी असतात. गुजरातेत भूविज्ञान आणि खनिकर्म आयुक्तांचे कार्यालय गांधीनगरला आहे, आणि नावातच दोन कामे आहेत: खडकांचा अभ्यास करणे आणि खाणींवर लक्ष ठेवणे.

राज्य खात्याच्या नव्या प्रमुखाला या जोडनावातूनच पहिली अडचण येते. स्वामित्वधनाची वसुली, वाळूच्या अवैध उपशावर धाडी, विधानसभेतले प्रश्न ही कामे रोज तातडीची असतात, आणि नकाशा मात्र कधीच तातडीचा नसतो. परिणामी भूवैज्ञानिक रात्री ट्रक तपासायला जातात आणि सर्वेक्षणाचा हंगाम निघून जातो. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: ऑक्टोबरपासून हंगाम संपेपर्यंत कोणत्या भूवैज्ञानिकांना अंमलबजावणीच्या कामावर बोलावता येणार नाही, त्यांची नावानिशी यादी सचिवांच्या मंजुरीने नस्तीवर घ्यावी. तोंडी आश्वासन पहिल्याच धाडीच्या वेळी विरून जाते.

पावसाळ्याआधी: हंगामाचा कार्यक्रम

सर्वेक्षणाचा फील्डवरचा हंगाम पावसाळा संपताना सुरू होतो, पण त्याचा कार्यक्रम बराच आधी ठरावा लागतो. राज्य भूवैज्ञानिक कार्यक्रम मंडळ आणि त्यावर केंद्रीय भूवैज्ञानिक कार्यक्रम मंडळ अशी रचना आहे, आणि एकाच टेकडीवर दोन संस्थांनी वेगवेगळे ड्रिलिंग करू नये हा तिचा मोठा उपयोग आहे. बैठकीला जाताना प्रस्तावांची संख्या मोजू नये. प्रत्येक प्रस्तावाबरोबर एक प्रश्न लिहून न्यावा: हे काम संपल्यावर आपल्याला असे काय कळेल, जे आज ठाऊक नाही? ज्या प्रस्तावाला याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, तो पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

खनिज शोधाच्या पायऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणानुसार जी४ ते जी१ अशा आहेत: टेहळणी, प्राथमिक, सर्वसाधारण आणि सविस्तर. २०१५ पासून खनिज सवलती लिलावाने दिल्या जाऊ लागल्यावर आणि २०२३ मध्ये चोवीस महत्त्वाच्या व सामरिक खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राकडे गेल्यावर, लिलावासाठी गट लवकर तयार करण्याचा दबाव प्रत्येक कार्यालयावर आहे. तो समजण्यासारखा आहे, पण जी४ चे काम पुरते न करता जी३ म्हणून पुढे ढकललेला गट शेवटी बोलीदारच नाकारतात आणि त्यात खात्याची पत जाते. एखादा गट निष्फळ ठरला, तर तसे लिहून थांबण्याचे धैर्य कनिष्ठांना येईल असे वातावरण ठेवावे. कोरडे बोअरहोल हीसुद्धा माहिती आहे. पुढच्या माणसाचा हंगाम त्यामुळे वाचतो.

पैशांबाबत थोडक्यात: निधी उशिरा येतो आणि मार्चअखेर तो खर्च करायचा असतो, म्हणून ड्रिलिंगचे कंत्राट, वाहनांचे भाडे आणि प्रयोगशाळेचा खर्च यांच्या निविदा पावसाळ्यातच पूर्ण कराव्यात. राष्ट्रीय खनिज शोध न्यास २०१५ मध्ये स्थापन झाल्यापासून राज्यांना शोधकामासाठी निधीचा तो एक मार्ग आहे; त्याचे प्रस्ताव लिहिण्यासाठी एक अधिकारी कायमचा नेमावा. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज मात्र सगळ्यांच्या आधी जायला हवा.

हंगामात: माणसे

सर्वेक्षणाच्या स्थापनेआधी कंपनी सरकारने कोळशाच्या शोधासाठी नेमलेले डी. एच. विल्यम्स १८४८ मध्ये जंगलातल्या तापाने दगावले. आज ताप मागे पडला असला तरी कॅम्पवरचे धोके संपलेले नाहीत: सर्पदंश, उन्हाचा झटका, खराब रस्त्यावर रात्री धावणारी भाड्याची जीप. कॅम्प उभा राहण्यापूर्वी सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि मोबाइलला कुठपर्यंत रेंज आहे, हे लिहिलेला कागद प्रत्येक तंबूत असला पाहिजे. महिला भूवैज्ञानिक आता अनेक तुकड्यांत असतात. त्यांच्यासाठी दारे-कडी असलेले स्वच्छतागृह आणि सुरक्षित निवास ही व्यवस्था कॅम्पच्या मंजुरीची अट असावी. गैरसोय सांगितली तर आपल्याला फील्डवरून काढतील या भीतीने अनेकजणी गप्प राहतात, म्हणून त्यांनी तक्रार करण्याची वाट पाहू नये. आपण स्वतः जाऊन पाहावे.

बढती आणि श्रेय यांतला अन्याय या खात्याला फार महाग पडतो. प्रमथनाथ बोस यांच्यासारख्या भूवैज्ञानिकाला डावलून १९०३ मध्ये कनिष्ठाला प्रमुखपद दिले गेले आणि त्यांनी सेवा सोडली; पुढे मयूरभंज संस्थानासाठी काम करताना गुरुमहिसाणीचे लोहखनिज त्यांनी ओळखले आणि १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना त्याविषयी पत्र लिहिले. माणूस गेला की ज्ञान त्याच्याबरोबर जाते. अहवालाच्या पहिल्या पानावर ज्याने डोंगर पायाखाली घातला त्याचे नाव आधी असावे, प्रमुखाचे नाही, हा नियम पहिल्याच परिपत्रकाने घालून द्यावा.

गावाशी बोलणे हा कामाचाच भाग आहे. छोटा उदेपूरकडच्या एका राठवा आदिवासी पाड्यात आम्ही ग्रिडच्या खुंट्या रोवत होतो, तेव्हा डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेल्या एका आजींनी वाटेत थांबून विचारले, "साहेब, आ खूंटी शेनी छे?" ही खुंटी कशाची आहे, एवढाच प्रश्न होता, पण त्यामागे आपली जमीन जाणार का ही भीती होती, आणि आमच्या तुकडीतल्या कोणालाच त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या खुंट्या उपटलेल्या होत्या आणि त्यात गावाचा दोष नव्हता. कामाच्या आधी सरपंच आणि तलाठ्यांना भेटून, गावाच्या बोलीत, खुंटी म्हणजे काय, चर किती दिवसांत बुजवला जाईल, पिकाची नुकसानभरपाई कोण देईल आणि पुढे खाण निघेलच असे आपण का म्हणू शकत नाही, हे सांगावे. मजूर त्याच गावातले घ्यावेत आणि मजुरी वेळेवर द्यावी.

वर्षभर: आकडा आणि वाक्य

प्रमुखाची सर्वांत मोठी कसोटी इथे आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजारांहून अधिक टन सोने सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला खुलासा करावा लागला की त्यांच्या अंदाजानुसार तिथे सुमारे ५२,८०६ टन सोनेयुक्त खनिज आहे, त्याची प्रत, म्हणजे त्यातले सोन्याचे प्रमाण, टनामागे ३.०३ ग्रॅम आहे आणि त्यातून मिळू शकणारे सोने सुमारे १६० किलो भरते. गुणाकार कोणीही करून पाहावा: ५२,८०६ गुणिले ३.०३ म्हणजे जवळजवळ १,६०,००० ग्रॅम. हा हिशेब शाळकरी मुलाला जमण्यासारखा आहे, तरीही खुलासा येईपर्यंत देश दुसऱ्याच आकड्यावर विश्वास ठेवून होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातल्या लिथियमबाबत ५९ लाख टनांचा अनुमानित साठा जाहीर झाला. तो जी३ पातळीवरचा अंदाज होता, पण लोकांच्या मनात हाताशी आलेला खजिना उभा राहिला. पुढे तो गट लिलावाला काढला, तेव्हा पुरेसे बोलीदार आले नाहीत.

म्हणून प्रसिद्धीपत्रकासाठी एक नियम करावा आणि तो मंत्र्यांच्या कार्यालयालाही आधीच कळवून ठेवावा. खनिजाचे टन, सरासरी प्रत, त्यातील धातूचे अंदाजे वजन आणि शोधाची पातळी या चारही गोष्टी एकाच वाक्यात आल्याशिवाय कोणताही आकडा कार्यालयाबाहेर जाणार नाही. चार वाक्यांत विभागून दिल्यास बातमीदार त्यांतले सर्वांत मोठे वाक्य उचलतो. ‘सापडले’ हा शब्द जी४ आणि जी३ च्या कामासाठी वापरू नये; ‘असण्याची चिन्हे आहेत’ आणि ‘प्राथमिक अंदाज आहे’ ही मराठीत आणि गुजरातीत दोन्हीकडे चांगली समजणारी वाक्ये आहेत. घोषणेची तारीख आधी ठरवून आकडा मागितला गेला, तर नम्रपणे लेखी उत्तर द्यावे की तपासणी अमुक तारखेला पूर्ण होईल. अशा प्रसंगी फोनवर काहीही कबूल करू नये.

वाक्य खरे ठरायचे असेल, तर त्यामागचा नमुना खरा असला पाहिजे. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या प्रत्येक तुकडीत ज्याचे मूल्य आधीच माहीत आहे असा प्रमाण नमुना, ज्यात धातू नाही असा कोरा नमुना आणि एकाच नमुन्याची दुसऱ्या क्रमांकाने पाठवलेली जोड मिसळावी, आणि हे क्रमांक प्रयोगशाळेला ठाऊक नसावेत. पिशवी सीलबंद करणारा आणि ती उघडणारा यांच्या सह्या असाव्यात. अमेरिकेत १८७२ मध्ये एका माळावर हिरे आणि माणके पेरून गुंतवणूकदारांना फसवण्यात आले होते. क्लॅरेन्स किंग या भूवैज्ञानिकाने जागेवर जाऊन ते रत्न-पेरणीचे कारस्थान उघड केले, आणि १८७९ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले तेव्हा तेच त्याचे पहिले प्रमुख झाले. मोठा निष्कर्ष समोर आला की प्रमुखाने स्वतः जागेवर जावे, ही प्रथा त्यामुळेच मला मोलाची वाटते.

रात्रीचा फोन

भूकंप, दरड किंवा पूर आला की जिल्हाधिकाऱ्यांचा फोन येतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला, तेव्हा दूर अहमदाबादेतही इमारती कोसळल्या आणि पुढचे कित्येक आठवडे भूवैज्ञानिकांच्या तुकड्या गावोगाव हानीच्या नोंदी घेत फिरत होत्या. दरडींच्या बाबतीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही २००४ पासून देशाची समन्वयक संस्था आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाडले गेले, ते आठवले की अशा फोनचे वजन कळते. बडोद्यातही ऑगस्ट २०२४ मध्ये पावागढकडून येणाऱ्या विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा नदीकाठच्या गाळाच्या थरांविषयी जो तो भूवैज्ञानिकांना विचारू लागला.

यासाठी एक बॅग आणि एक यादी तयार ठेवावी: नकाशे, जीपीएस, नोंदीचे छापील तक्ते, दोन तासांत निघू शकणाऱ्या तिघांची नावे आणि वाहनाचा क्रमांक. जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर देताना आम्ही काय पाहिले, त्यावरून काय वाटते आणि काय अजून सांगता येत नाही, असे तीन वेगळे परिच्छेद करावेत. गाव हलवायचे की नाही हा निर्णय प्रशासनाचा असतो. पण डोंगरमाथ्यावर नवी भेग दिसली असेल, तर ती सकाळच्या अहवालाची वाट न पाहता त्याच क्षणी फोनवर सांगितली पाहिजे. सावध शब्दांचा माझा सगळा आग्रह इथे थांबतो.

अहवाल छापणे आणि पदभार सोपवणे

रॉबर्ट ब्रूस फूट १८९१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त होऊन बडोदे संस्थानाच्या सेवेत आले. संस्थानाचा मुलूख एकसलग नव्हता. कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत दूरदूर विखुरलेले होते. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने भूविज्ञान खाते काढले तेव्हा त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे गेले, आणि बडोद्याच्या भूशास्त्राचा त्यांचा अहवाल १८९८ मध्ये छापून निघाला. कर्मचारी बदलून गेला तरी अहवाल पुरा होतो, हे त्या काळच्या साधनांनी जमले. आपल्या कार्यालयात बदलीचा आदेश निघाल्यावर अहवाल अर्धवट राहत असतील, तर कार्यमुक्तीच्या आदेशाआधी अहवालाचा कच्चा मसुदा व मूळ फील्ड डायरी जमा करण्याची अट घालावी.

गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीत १९८१ मध्ये डायनोसॉरचे अवशेष ओळखले गेले. अशा जागा आपल्या हद्दीत असतील, तर त्यांची अचूक हद्दनिश्चिती पहिल्याच वर्षात करून ती जिल्हा प्रशासनाकडे नोंदवावी. कुंपण आणि फलक पुढे होत राहतील.

आणि आपली स्वतःची पदभार-टीप पहिल्या महिन्यापासून लिहायला घ्यावी. त्यात अपूर्ण अहवाल कोणाकडे आहेत, कोणत्या बोअरहोलच्या कोणत्या पट्ट्याविषयी शंका आहे, कोणत्या गावाला कोणता शब्द दिला आहे आणि तो पाळायचा राहिला आहे का, कोणत्या प्रस्तावाला आपण नकार दिला आणि का, हे असावे. शेवटच्या पानावर कोअर शेडच्या किल्ल्यांची यादी असावी: कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, तिची दुसरी प्रत कोणाकडे, आणि कोणत्या खोलीचे कुलूप आपल्यालाही अजून उघडता आलेले नाही.